पाण्यात पाहणे

मालवणच्या जेटीवर नारिंगी जॅकेटांच्या ढिगाशेजारी उभा असलेला पोरगा मला म्हणाला, "काका, तुमका पेवाक येता?"

मी ताबडतोब म्हणालो, "छे छे! आम्ही शिक्षक मंडळी. बरोबर मुख्याध्यापक आहेत."

पोरगा गोंधळला. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे समाधानाने पाहिलं. शेवटी होडीवाल्याने उलगडा केला, की पेवाक म्हणजे पोहायला. पिण्याचा विषय निराळा, आणि तो सकाळी साडेआठला कुणाकडे काढत नाहीत.

तर प्रश्न होता, पोहता येतं का? होडीत जॅकेट सगळ्यांना सक्तीचं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला खडकाजवळ पोहोचल्यावर तोंडाला मुखवटा आणि नळी लावून पाण्यात उतरायचं, आणि तेव्हा ज्याला पोहता येतं त्याने जॅकेट ठेवायचं की काढायचं हे आपलं आपण ठरवायचं. ज्याला येत नाही त्याला ठरवायला काही नाही. त्याला जॅकेट आणि वर धरायला एक रबरी रिंग.

"येतं म्हणजे काय!" मी म्हणालो. "शहापूर तालुक्यातला आहे मी."

हे उत्तर कितपत तर्काला धरून होतं हे मला नंतर होडीत बसल्यावर कळलं. शहापूर तालुक्यात पाणी आहे, यात शंका नाही. तानसा तलाव १८९२ पासून मुंबईला पाणी पाजतोय, आणि एकटं भातसा धरण मुंबईच्या जवळजवळ निम्म्या पाण्याची सोय बघतं. पण हे पाणी बघायचं. त्यात उतरायचं नाही, कारण ते मुंबईचं. आणि एप्रिल उजाडला की त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर बायका हंडे लावून टँकरची वाट बघत बसतात. नळातून दुसऱ्याच्या घरी जाणारं पाणी काठावरून बघण्यात आम्हा शहापूरकरांच्या चार पिढ्या गेल्या. पाण्यात पाहणे या अर्थाने हा खेळ आम्हाला जन्मजात यायला हवा.

मराठीत पाण्यात पाहणे या शब्दांना जो दुसरा अर्थ आहे, तोही त्या होडीत थोडाफार उपस्थित होता. आमचे क्रीडाशिक्षक माझ्या समोरच बसले होते. वय बत्तीस, पोट नाही. जॅकेटची बक्कलं त्यांनी आधीच सैल करून ठेवली होती आणि किल्ल्याकडे अशा नजरेने बघत होते की जणू तो त्यांनीच १६६४ मध्ये बांधायला घेतला. मी त्यांना आणि ते मला गेली सहा वर्षं वेळापत्रकाच्या तासांवरून पाण्यात पाहतो. आता प्रत्यक्ष पाहण्याची वेळ आली होती.

पोहण्याच्या बाबतीत माझ्यावर दोन परस्परविरोधी संस्कार झालेले आहेत. वडिलांकडून मी शहापूरचा आणि आजोळ मुरबाडचं. किन्हवलीहून सरळगावकडे जाणारा रस्ता आता रुंद झाला आहे, पण माझ्या लहानपणी ही दोन घरं विचारांनी फार लांब होती.

शहापूरचे थोरले काका आधारविरोधी पंथाचे. आमच्याकडे पोहायला शिकायचा मोसम मे महिना नव्हे. मे महिन्यात बावीत, म्हणजे विहिरीत, उतरलात तर गुडघाभर चिखल आणि एक रुसलेला बेडूक भेटतो. आमचा मोसम दिवाळीची सुट्टी. पाऊस नुकताच गेलेला, बाव काठोकाठ, पाणी वरून हिरवं आणि आतून थंडगार, आणि शेतात भात कापणीला आलेलं. कापणीच्या कामातून पोरांनी पळ काढला की काकांना राग यायचा. काका पोहायला शिकवायचे ते मुख्यतः त्या रागात. पोराची बगल धरायची, दोन झोके द्यायचे आणि बावीत सोडायचं. "पानीच शिकवतं," हे त्यांचं एकमेव शैक्षणिक सूत्र. कुत्र्याच्या पिल्लाला कोण शिकवतं, वासराला कोण शिकवतं, असे दाखले त्याला जोडलेले. चार पायांच्या प्राण्याला पाण्यात चालल्यासारखं केलं तरी नाक वर राहतं आणि दोन पायांच्याला तसं जमत नाही, हा मुद्दा काकांपुढे मांडण्याइतका श्वास आमच्यापैकी कुणाकडे शिल्लक नसे.

या पद्धतीचा निकाल असा : पाच चुलत भावंडांपैकी चौघं शिकली. पाचवा डोंबिवलीला राहतो आणि आजही अंगावर एकदम बादली ओतत नाही. तांब्या तांब्याने घेतो.

मुरबाडच्या मामाचा पंथ वेगळा. मामा भोपळेवाला.

त्याच्या गोठ्यामागच्या मांडवावर दुध्याचे दोन वेल असायचे. एक खायचा, एक कडू. कडूचा भोपळा कुणी तोडायचा नाही. तो वेलावरच जून व्हायचा, देठ काळा पडायचा, मग मामा तो उतरवून स्वयंपाकघरात चुलीच्या वर आढ्याला टांगायचा. पुढच्या वर्षीपर्यंत धुराने त्याचा रंग तपकिरी, साल लाकडासारखी टणक आणि आत सुकलेल्या बियांचा खुळखुळाट. कानाशी धरून हलवायचा, मग सगळ्या बाजूंनी टिचकी मारत आवाज ऐकायचा. कुठे चीर गेली असेल तर तिथे आवाज बसका येतो. असा भोपळा पाणी पितो आणि बरोबर पोरालाही नेतो. पास झालेल्या भोपळ्याभोवती मामा काथ्याची जाळी विणायचा आणि असे दोन भोपळे वीतभर दोरीने जोडायचा. दोरी छातीखाली, भोपळे दोन बगलांच्या मागे. याला सांगड म्हणतात. आमच्या शिक्षण खात्यात दर बैठकीत कुणीतरी अभ्यासक्रम आणि उपक्रम यांची सांगड घालायला सांगतं. सांगणाऱ्याला आणि घालणाऱ्याला, दोघांनाही, यात भोपळे असतात हे माहीत नसतं. बैठकीच्या शेवटी मात्र ते हातात येतात.

मामाचं गाव काळू नदीच्या काठी. डोहात उतरायच्या आधी मामा काठावरच्या दगडांना हळदकुंकू लावायचा आणि खोबऱ्याचा तुकडा ठेवायचा. डोहात आसरा असतात, सात बहिणी, हे तिकडे लहान मुलालाही ठाऊक असतं. पाण्यात ज्यांची भीती वाटायची त्या देवतांना ज्या भाषेने आसरा हे नाव दिलं, ती भाषा मला कधी कधी मामासारखी वाटते. पंडित सांगतील की तो शब्द अप्सरेवरून आला. असेल. मामा मात्र एकाच सकाळी आसरांना नारळ आणि पोराला भोपळा, असा दोन्हीकडून विमा उतरवायचा.

पहिले चार दिवस मोठी सांगड. मग लहान भोपळ्यांची. मग एकच भोपळा, पाठीवर. काकांच्या बावीत पोरगं पहिल्या दिवशी नाकातोंडात पाणी जाऊन शिकायचं. मामाच्या डोहात दहा दिवस नुसतं मजा करत राहायचं आणि आपण शिकतोय याचा पत्ताही लागायचा नाही. अकराव्या दिवशी मी डोहाच्या मध्यावर हात मारत होतो आणि समोर चार हातांवर एक भोपळा तरंगत चाललेला दिसला. कुणाचा तरी सुटला, म्हणून मी तो पकडायला त्याच्या मागे लागलो. पलीकडच्या काठाला लागल्यावर कळलं, भोपळा माझाच. मामाने त्या दिवशी सरकगाठ मारली होती.

काकांचं या सगळ्याबद्दल मत होतं की भोपळा बांधून पोहायला शिकलेला माणूस म्हणजे कॉपी करून पास झालेला. लग्नाकार्यात दोघं समोरासमोर आले की हा विषय निघायचा आणि पंगतीत भाताच्या दुसऱ्या वाढीपर्यंत टिकायचा.

या दोन पंथांच्या मध्ये मी वाढलो. त्यामुळे किल्ल्याजवळ होडीचा नांगर पडला तेव्हा माझ्या अंगावर मामाचं जॅकेट होतं आणि डोक्यात काका होते.

मी विज्ञान शिकवतो. त्यामुळे निर्णय भावनेवर न सोडता आकडेमोडीने घ्यावा असं ठरवलं. माणूस पाण्यात बुडतो तो फार थोड्या वजनाने बुडतो. छातीत भरपूर हवा असेल तर बहुतेक माणसं जेमतेम तरंगतात. हवा सोडली की जेमतेम बुडतात. सगळा व्यवहार दोन-चार किलोंचा. म्हणून पोहणाऱ्याला मदत म्हणून मिळणारं हलकं जॅकेट साधारण पाच किलोंची उचल देतं आणि होडीवरचं जाड जॅकेट दहा किलोंची. पाच-पाच लिटरचे दोन भोपळे पाण्यात पुरते दाबले तर तेही दहा किलोंच्या आसपासच उचलतात. म्हणजे जगभरच्या तज्ज्ञांनी न्यूटनमध्ये मोजून जो आकडा काढला, तो माझ्या मामाच्या गोठ्यामागे वेलाला लागत होता.

शिवाय समुद्राचं पाणी खारं. लिटरमागे पंचवीसेक ग्रॅमने जड. माझ्यासारख्या सत्तरीच्या पुढे गेलेल्या, म्हणजे किलोंनी गेलेल्या, माणसाला ते पावणेदोन किलोंचा जादा आधार फुकट देतं. हे गणित मला फार आवडलं. गोड्या पाण्याच्या बावीत जो तरला तो समुद्रात बिनभोपळ्याचा तरेल, असा त्यातून अर्थ निघत होता, आणि मला तोच काढायचा होता.

दुसऱ्या बाजूलाही पुरावा होता. जी माणसं खरोखर पट्टीची पोहतात, त्यांना आधाराचं वावडं नसतं. त्यांच्यासाठी नियम करावे लागतात. इंग्लिश खाडी पोहणाऱ्याला अंगाला तरंगवणारा पोशाख चालत नाही, सोबतच्या होडीला बोट लावलेलं चालत नाही. पुण्याच्या रोहन मोरेने २०१८ मध्ये सात समुद्रधुन्यांचं आव्हान पुरं केलं ते असल्या नियमांत. आणि तलावात पोहणाऱ्या जगज्जेत्यांची गोष्ट तर याहून बोलकी. २००९ मध्ये रोमच्या जागतिक स्पर्धेत ४३ विश्वविक्रम झाले. कारण काय, तर पॉलियुरेथेनचे पोशाख. पाणी शिरत नाही, अंग आवळून धरतात आणि माणूस पाण्यावर जरा वर राहतो. पुढच्या जानेवारीपासून त्यांवर बंदी आली. मला हे वाचून बरं वाटलं होतं. जगातला सर्वोत्तम पोहणाराही संधी मिळाली की भोपळा बांधतो, फक्त तो अंगाच्या मापाचा शिवून घेतो.

एवढा सगळा अभ्यास डोक्यात असताना मी जॅकेट ठेवायला हवं होतं.

पण क्रीडाशिक्षकांनी ते काढलं. नुसतं काढलं नाही, तर होडीच्या फळीवर जरा जोरात टाकलं. आमच्या मराठीच्या बाई आणि गणिताच्या बाई आपापल्या जॅकेटांचे पट्टे एकमेकींना आवळून देत होत्या. मुख्याध्यापक, ज्यांना पोहण्यातलं काही म्हणता काही येत नाही, रिंग दोन्ही हातांनी कवटाळून तयार होते. म्हणजे होडीत सरळ दोन गट पडले होते आणि मला त्यातला एक निवडायचा होता. त्या क्षणी मासे, समुद्र, १९८७ साली जाहीर झालेलं मालवणचं सागरी अभयारण्य, काही काही डोळ्यांपुढे नव्हतं. डोळ्यांपुढे होती सोमवारची स्टाफरूम.

मी जॅकेट काढलं.

"काका, र्‍हवांदे अंगार," पोरगा म्हणाला.

"अरे, बावीत शिकलोय मी," मी म्हणालो. बघा, कशी भाषा फिरते. शिकलो मामाच्या डोहात, नाव सांगितलं काकांच्या बावीचं.

आता इथे मुखवट्याबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, कारण पोहता येणाऱ्याची फजिती पोहण्यात होत नाही. ती नाकावर होते. मुखवट्यात डोळे आणि नाक दोन्ही बंद होतात. काच धुरकट होऊ नये म्हणून आत थुंकून चोळायचं असतं. हे काम आमच्यातल्या प्रत्येकाने दुसऱ्याकडे पाठ करून केलं. श्वास फक्त तोंडाने, दातांत धरलेल्या नळीतून. आयुष्यभर नाकाने घेतलेला श्वास एकदम तोंडाने घ्यायला सांगितला की माणसाला आपण आत्तापर्यंत काय करत होतो तेच आठवेनासं होतं.

नळीचा अनुभव मला अगदीच नव्हता असं नाही. मुरबाडला आम्ही एक हिंदी सिनेमा बघून आलो होतो. त्यात नायक पाण्याखाली लपून बोरूच्या नळीने श्वास घेतो आणि खलनायकाची माणसं काठावरून निघून जातात. दुसऱ्या दिवशी आम्ही पपईच्या पानांचे देठ आणले. आतून पोकळ, हातभर लांब. एका देठाने काम झालं. मग जास्त खोल लपायचं म्हणून दोन देठ एकात एक बसवले, मांडीवर धोंडा घेतला आणि तळाला बसलो. नळी वर मोकळी होती, हवा भरपूर होती, आणि छाती फुगेना. कुणीतरी वर बसल्यासारखं वाटलं. तेव्हा आम्ही ते आसरांवर ढकललं. पुढे मीच वर्गात शिकवू लागलो, की मीटरभर खोलीवर छातीच्या दर चौरस सेंटीमीटरवर शंभर ग्रॅमचं जादा ओझं येतं आणि श्वासाच्या स्नायूंना ते पेलत नाही. म्हणून दुकानातली नळी हातभरच असते, आणि सिनेमातला नायक खोटा. दुर्योधन द्वैपायन सरोवराच्या तळाशी लपला तो जलस्तंभन विद्येने, त्याने पपईवर विश्वास ठेवला नाही. तरी पांडवांनी त्याला वर काढलाच, ते सोडा.

मी उतरलो. पाणी गार होतं. मुखवटा पाण्यात बुडवला आणि लगेच डाव्या नाकपुडीत समुद्र आला.

कारण मिशी. माझी मिशी तीस वर्षांची आहे. मुखवट्याची रबरी कड वरच्या ओठावर चिकटून बसायला हवी. मिशीच्या प्रत्येक केसाखालून पाणी तिथे वाट काढतं. मी डोकं वर काढलं, मुखवटा रिकामा केला, पुन्हा घातला. पुन्हा उजवी नाकपुडी. तेवढ्यात एक लाट नळीवरून गेली आणि पुढचा श्वास मी खाऱ्या पाण्याचा घेतला. नळीत पाणी गेलं की जोरात फुंकर मारून ते उडवायचं, हे होडीत सांगितलं होतं. पण फुंकर मारायला आधी छातीत हवा लागते.

मला पोहता येत होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. हात चालत होते, पाय चालत होते. फक्त खोकताना, डोळे चुरचुरत असताना, दोन्ही हातांनी मुखवटा धरून, कुणी आपल्याकडे बघत नाहीये ना हे बघत पोहता येत नव्हतं. बुडणारा माणूस काडी शोधतो म्हणतात. मला नुसती काडी चालली नसती, मला ती क्रीडाशिक्षकांच्या नजरेआड हवी होती.

तेवढ्यात पोटाखाली काहीतरी आलं. पोरगा होता. त्याने माझी मानगूट धरून मला रिंगेवर घातलं, मामा पेंढी खांद्यावर घालायचा तसं.

मी खोकून घेतलं. म्हणालो, "पोहता येतं मला."

"येता, बघलंय," तो म्हणाला. "पण वरसून पेवणारो नि बुडणारो सारखेच दिसतत. दोघांचाय तोंड खालीच. म्हणान आमका कळणा नाय."

हे मी विसरू शकलेलो नाही. बावीत बुडणारा ओरडत नसला तरी डोकं वर काढायला धडपडतो, काठावर लक्ष असणाऱ्याला कळतं. इथे मात्र तोंड पाण्यात, अंग ढिलं, हालचाल नाही, हेच जमलेल्याचं लक्षण. न जमलेलाही तसाच दिसतो. वरून बघणाऱ्याला दोघांतला फरक फक्त वेळ सांगते, आणि ती उशिरा सांगते.

मग तो म्हणाला, "काका, तुमी मासे बघूक इलास की पेवाक?"

यावर वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलासारखा मी गप्प राहिलो.

त्याने मला जॅकेट दिलं. मी ते घातलं, पट्टे आवळले नाहीत, आणि त्याचा परिणाम असा झाला की मी खाली गेलो तितकं जॅकेट वर आलं. माझे दोन्ही कान त्यात, आणि हनुवटी आभाळाकडे. जाड जॅकेटाचा स्वभावच तो. बेशुद्ध माणसाचं तोंड पाण्याबाहेर राहावं म्हणून ते छातीवर जास्त फुगीर असतं आणि माणसाला उताणं करायला बघतं. मला पालथं व्हायचं होतं. आमची थोडा वेळ झटापट झाली. लोकांना आभाळाकडे बघायला लावणारी वस्तू बांधून तळ बघायला जाणं म्हणजे काय हे मला तेव्हा समजलं. पोराने ते काढून घेतलं, कमरेला बसेल असं पातळ जॅकेट दिलं, त्याचा मांड्यांमधून येणारा पट्टा मी स्वतः आवळला आणि हात रिंगेवर ठेवले. मिशीला त्याने डबीतलं व्हॅसलीन लावलं. स्वतःच्या बोटाने. लग्नात हळद लावतात तेवढ्या निर्विकारपणे.

आणि मग मी खाली पाहिलं.

पाणी काही अंदमानच्या फोटोतल्यासारखं काचेचं नव्हतं. पातळ ताकातून बघितल्यासारखं होतं. पण त्यात खडक होता, खडकावर मेंदूसारख्या वळ्या असलेलं प्रवाळ होतं, आणि पिवळट अंगावर काळे पट्टे ओढलेल्या माशांचा एक घोळका माझ्या नाकासमोर येऊन थांबला. पाच पट्टे. मी मोजले. मोजता आले, कारण मला दुसरं काहीही करायचं नव्हतं. पोहायचं नव्हतं, तरंगायचं नव्हतं, ती दोन्ही कामं कुणीतरी अंगावर घेतली होती. आमच्याकडे मासा बघायचा तो पहिल्या पावसात मासे प्रवाहाविरुद्ध चढतात त्या वलगणीला, आणि तोही टोपलीत. जिवंत मासा आपल्याकडे बघतोय आणि त्याला आपली कढईची ओळख नाही, असा प्रसंग माझ्या घराण्यात कुणावर आला नसावा.

एक मासा खडकावरचं काहीतरी खरवडून खात होता. त्याचा आवाज येत होता. खरंच येत होता, कुरकुर असा, उंदीर पोत्याशी करतो तसा. पाण्याखाली आवाज असतो हे मी वर्गात वीस वर्षं सांगतोय, पण ऐकला तेव्हा मी रिंगेवरून "अरे!" म्हणालो आणि ते नळीतून वर कुठेतरी गेलं.

आधाराचा आणखी एक उपयोग तिथे दिसला. पोहणारा थकला की पाय खाली सोडतो, टेकायला बघतो. खाली जे असतं ते प्रवाळ. ते दगडासारखं दिसतं, पण जिवंत असतं, फार हळू वाढतं आणि एका टाचेने मोडतं. क्रीडाशिक्षक दोनदा उभे राहिले आणि पोरगा दोन्ही वेळा त्यांच्यावर खेकसला. मला त्याचा आनंद झाला नाही असं म्हणणं खोटं ठरेल.

सगळ्यांत जास्त कुणी पाहिलं? मुख्याध्यापकांनी. अर्धा तास ते रिंगेला लोंबकळून होते, पोरगा त्यांना ओढत फिरवत होता आणि त्यांनी एकदाही मान वर केली नाही. परतताना होडीत ते लहान मुलासारखे बोलत होते. निळा, जांभळा, एक चपटा, एक तोंडाला चोच असलेला. त्यांना आपण काय करू शकतो हे दाखवायचं नव्हतं. कारण त्यांना काहीच करता येत नव्हतं आणि ते त्यांनी जेटीवरच सांगून टाकलं होतं. क्रीडाशिक्षक म्हणाले, पाणी फार गढूळ होतं, विशेष काही दिसलं नाही. त्यांचे डोळे लाल होते. मी त्यांना व्हॅसलीनची डबी दाखवली. त्यांना मिशी नाही, त्यामुळे तो उपाय लागू नव्हता, पण त्या दिवसापासून आमचे संबंध सुधारले आहेत. वेळापत्रकाचा आठवा तास मी सोडला.

मला वाटतं, अडचण आधार घेण्यात नसते. ती आधार कुणी ठरवायचा यात असते. लहानपणी भोपळा बांधणारा मामा, सोडणारा मामा, सरकगाठ मारणारा मामा. आपल्याला लाज वाटायला जागाच नव्हती. मोठेपणी गाठ आपल्या हातात येते आणि काठावर उभे असलेले सगळे परीक्षक वाटू लागतात. चाळिशीनंतर चष्मा, पन्नाशीनंतर जिन्याचा कठडा, मुलाने घेऊन दिलेली काठी, या सगळ्यांच्या वेळी आपण आधी एकदा जॅकेट फळीवर आपटून बघतोच. काका गेले त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी बाथरूममध्ये भिंतीला धरायचा दांडा बसवून घेतला होता. सुतार काम करत असताना ते बाहेर ओटीवर बसून होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, पाव्हण्यांसाठी.

शहापूरच्या रानात फेब्रुवारीत काटेसावर लाल होते. चैत्र-वैशाखात तिची बोंडं फुटून कापूस रानभर उडतो. माझ्या आईची उशी त्याच कापसाची होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापर्यंत जहाजांवरच्या जॅकेटांत जो कापोक भरत असत तो या सावरीच्याच कुळातला, मेणचट, पाण्याने न भिजणारा. म्हणजे माझं डोकं लहानपणी रोज रात्री ज्यावर टेकायचं, त्याच कुळातली वस्तू एकेकाळी समुद्रात माणसं तारत होती. हे मला माहीत असतं तर मी ती उशी मालवणला नेली असती असं नाही. पण मुखवटा नाकाशी बसवताना जरा कमी ऐट केली असती.

परत आल्यावर मुरबाडला मामाला भेटायला गेलो. मामा आता ऐंशीच्या पुढे आहे, ओटीवर खाटेवर असतो, कान जड झालेत. मी त्याला सगळं सांगितलं, मिशीसकट. त्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "भोपला व्हता का?"

"होता. रबराचा. गोल."

"किती?"

"एकच. मध्ये एवढं भोक."

मामा विचारात पडला. भोक पडलेल्या भोपळ्याबद्दल त्याची मतं ठाम आहेत.

"मंग तरंगला कसा?" तो म्हणाला.

मी त्याला रिंग काढून दाखवायला कागद-पेन्सिल मागितली. मामी चहा घेऊन आली, आणि ते राहून गेलं.

तुम्ही मालवणला जाणार असाल तर दिवाळीनंतर जा, पावसाळ्यात पाण्यातले सगळे खेळ बंद असतात. पोहता येत असलं तरी जॅकेट ठेवा, पातळातलं मागा आणि मांड्यांमधला पट्टा आवळायला लाजू नका. मिशी काढायची गरज नाही. व्हॅसलीन पुरतं. पण आपली डबी आपण न्या.